घड्याळावर विसंबलेल्या चाचण्या

चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवून त्याच्या अंतरंगात त्या क्षणी काय घडत आहे हे दाखवणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात. काम कोणत्या ओळीवर आले आहे, कोणत्या चलाची किंमत किती आहे, या ओळीपर्यंत प्रोग्रॅम कोणत्या मार्गाने पोहोचला, असे प्रश्न त्याला विचारता येतात आणि जगभरातील प्रोग्रॅमर आपल्या चुका शोधताना त्याच्या उत्तरांवर पूर्ण विश्वास ठेवतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीएनयू प्रकल्पाचा भाग म्हणून लिहिलेला जीडीबी हा या प्रकारातील सर्वांत परिचित डीबगरांपैकी एक असून तो आजही अनेकांच्या सहकार्याने वाढत आहे. चुका शोधणारे साधनच चुकू लागले तर शोधणाऱ्याची दिशाच बदलते, म्हणून जीडीबीसोबत स्वयंचलित चाचण्यांचा एक प्रचंड संच जतन केलेला आहे आणि तो पूर्ण चालवला असता एक लाखाहून अधिक निकाल हाती येतात. त्यांतील काही थोडे निकाल मात्र स्थिर राहत नाहीत: डीबगरमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नसताना तीच चाचणी एका फेरीत उत्तीर्ण होते आणि पुढच्या फेरीत अनुत्तीर्ण. या अस्थिरतेच्या मुळाशी बहुधा रेस कंडिशन असते आणि ती दूर करणे हे डीबगर घडवणाऱ्यांच्या कामातील सर्वांत चिकाटीचे, पण बाहेरच्या जगाला जवळजवळ अज्ञात असलेले काम आहे.

रेस कंडिशन म्हणजे अशी परिस्थिती की जिच्यात दोन किंवा अधिक कामे एकाच वेळी चालू असतात, त्यांतील कोणते आधी पूर्ण होईल याची हमी कोणीही दिलेली नसते, आणि तरीही अंतिम परिणाम त्या क्रमावरच ठरतो. एकाच प्रोग्रॅमच्या आत, एकच स्मृती वापरत, स्वतंत्रपणे पुढे सरकणाऱ्या कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात. स्मृतीत ७ हा आकडा असून दोन थ्रेडना त्यात प्रत्येकी १ मिळवायचा आहे असे मानले, तर उत्तर ९ यायला हवे; परंतु पहिल्या थ्रेडने ७ वाचल्यानंतर आणि ८ लिहिण्यापूर्वी दुसऱ्यानेही ७ वाचला, तर दोघेही ८ लिहितात आणि एक वाढ कायमची हरवते. वाचन आणि लेखन यांच्यामधील ही फट इतकी लहान असते की हजारो वेळा काहीच बिघडत नाही, आणि बिघडते तेव्हा पुन्हा पाहू गेल्यास ते दिसत नाही. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली, त्यांतील काहींचा मृत्यू झाला, आणि यंत्रचालकाने केलेली दुरुस्ती किती वेगाने टंकित झाली यावर अवलंबून असलेली रेस कंडिशन हे त्यामागील एक कारण ठरले. चाचणीत एकदाच दिसलेल्या आणि पुन्हा न दिसलेल्या दोषाकडे काणाडोळा करणे किती महाग पडू शकते हे त्या प्रकरणापासून संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नोंदले गेले आहे.

साध्या प्रोग्रॅमची चाचणी घेताना एक आदान द्यायचे आणि एक प्रदान तपासायचे एवढेच काम असते. डीबगरच्या चाचणीत मात्र एकाच वेळी चार घटक हालचाल करत असतात. चाचणी चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः डीबगर, डीबगरच्या नियंत्रणाखाली चालणारा नमुना प्रोग्रॅम, आणि या तिघांना प्रोसेसरचा वेळ वाटून देणारे ऑपरेटिंग सिस्टिमचे केंद्र, म्हणजे कर्नल, हे ते चार घटक होत. नमुना प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड असतील तर ही संख्या आणखी वाढते. कर्नलचा शेड्यूलर कोणाला कधी पुढे जाऊ देईल हे यंत्रावरील त्या क्षणीच्या भारावर ठरते, आणि म्हणून विकसकाच्या निवांत लॅपटॉपवर वर्षभर उत्तीर्ण होणारी चाचणी, आठ-दहा कामे एकाच वेळी करणाऱ्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी कोसळू शकते.

जीडीबीच्या चाचण्या ज्या साधनांवर उभ्या आहेत त्यांची रचना समजल्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. जॉन ऑस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९८८ मध्ये टिकल ही छोटी आज्ञाभाषा तयार केली. तिच्या आधारे डॉन लिब्स यांनी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेत एक्स्पेक्ट हे साधन रचले आणि ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आणि त्यावर सिग्नस सपोर्ट या कंपनीत डेजाग्नू ही चाचण्यांची चौकट उभी राहिली. एक्स्पेक्टची कल्पना साधी आणि अत्यंत उपयुक्त आहे. माणूस टर्मिनलसमोर बसून आज्ञा टंकतो आणि पडद्यावरचे उत्तर वाचतो, तेच काम एक्स्पेक्ट एका कृत्रिम टर्मिनलद्वारे करते: डीबगरला आज्ञा पाठवते, उत्तराची अक्षरे जशी येतील तशी एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, गोळा करते आणि अपेक्षित नमुना त्या साठ्यात सापडला की चाचणी उत्तीर्ण झाल्याची नोंद करते. आज्ञेचे काम संपले की डीबगर कंसात आपले नाव छापून पुढच्या आज्ञेची वाट पाहतो. या खुणेला प्रॉम्प्ट म्हणतात आणि एका उत्तराचा शेवट कोठे झाला हे ओळखण्याचे तेच मुख्य साधन असते. ठरलेल्या मुदतीत, जी एक्स्पेक्टमध्ये मुळात १० सेकंद असते, नमुना सापडला नाही तर टाइमआउट झाला असे धरले जाते.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरली जाते आणि तीच पुष्कळदा खोटी ठरते, ती म्हणजे उत्तर एकदम आणि पूर्ण येईल. प्रत्यक्षात डीबगरने लिहिलेला मजकूर कर्नलमधून तुकड्यातुकड्यांनी पोहोचतो आणि तुकडे कोठे पडतील याचा काही नियम नसतो. ‘थ्रेड १२ थांबला’ असे उत्तर येणार आहे आणि चाचणीतील नमुना ‘थ्रेड’ या शब्दानंतर एक किंवा अधिक अंक एवढेच मागतो असे समजा. पूर्ण ओळ एकदम आली तर १२ हा आकडा टिपला जातो, पण पहिला तुकडा नेमका १ या अंकावर तुटला तर नमुना तेवढ्यावरच तृप्त होतो आणि चाचणी पुढे थ्रेड १ शोधत बसते. ‘एक हजार दोनशे’ अशी रक्कम सांगितली जात असताना ‘एक हजार’ ऐकताच वहीत आकडा मांडून मोकळ्या होणाऱ्या कारकुनासारखी ही चूक आहे, आणि सांगणारा सलग बोलत असेपर्यंत ती कधीच उघडकीस येत नाही. तिचा दुसरा परिणाम अधिक चिवट असतो. नमुना प्रॉम्प्टपूर्वीच जुळला तर मागे राहिलेला प्रॉम्प्ट पुढच्या आज्ञेच्या वाट्याला येतो. पुढची आज्ञा तो जुना प्रॉम्प्ट स्वतःचाच समजते, तिचे खरे उत्तर तिच्या पुढच्या आज्ञेकडे जाते, आणि अशा रीतीने पन्नास चाचण्यांची संपूर्ण रांग एका घराने सरकते. अहवालात तक्रार पन्नासाव्या चाचणीची दिसते, दोष मात्र पहिलीत असतो. यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे: उत्तराचा नमुना नेहमी प्रॉम्प्टपर्यंत लिहावा आणि आकड्यानंतर काय येते तेही नमुन्यात नमूद करावे, म्हणजे अर्धवट आलेला मजकूर कधीच जुळणार नाही.

तरीही प्रॉम्प्टवरच सर्वस्वी भिस्त ठेवली की दुसऱ्या बाजूने अडचण येते. जीडीबीमध्ये प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चालू ठेवण्याची सोय आहे. तशी आज्ञा दिली की डीबगर लगेच ‘पुढे चालवत आहे’ असे सांगून प्रॉम्प्ट छापतो आणि नंतर केव्हातरी, प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटवर म्हणजे थांबण्यासाठी नेमून दिलेल्या ठिकाणी पोहोचला की, त्याची सूचना आपोआप छापतो. जीडीबीच्या चाचण्यांतील नेहमीचा नमुना असे मागतो की बफरच्या अगदी शेवटी प्रॉम्प्ट असावा. एक्स्पेक्टने बफर लवकर वाचला तर शेवटी प्रॉम्प्टच असतो. वाचायला थोडा उशीर झाला तर प्रॉम्प्टच्या मागोमाग ब्रेकपॉइंटची सूचनाही येऊन बसलेली असते, शेवटी प्रॉम्प्ट राहत नाही, नमुना जुळत नाही आणि डीबगरने सर्व काही बरोबर केलेले असूनही चाचणी मुदत संपून अनुत्तीर्ण होते. येथे प्रॉम्प्ट शेवटी असण्याची अट काढून टाकणे हीच योग्य दुरुस्ती आहे आणि जीडीबीच्या चाचणी-ग्रंथालयात त्यासाठी स्वतंत्र पर्याय दिलेला आहे. मात्र तो सरसकट वापरला तर आधी वर्णन केलेला मागे राहिलेल्या प्रॉम्प्टचा रोग परत येतो. ज्या आज्ञेनंतर अनपेक्षित वेळी मजकूर येऊ शकतो तेथेच तो वापरावा लागतो, आणि ती आज्ञा कोणती हे डीबगरचे वर्तन जाणणाऱ्यालाच ठरवता येते.

असाच पेच दोन आवाजांचा असतो. नमुना प्रोग्रॅम आपला मजकूर छापतो आणि डीबगरही त्याच सुमारास प्रोग्रॅम थांबल्याची वार्ता छापतो. दोघे एकाच टर्मिनलवर लिहीत असतील तर क्रम बहुधा अपेक्षेप्रमाणे येतो, परंतु प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावर चालत असून त्याला तेथील जीडीबीसर्व्हर हा सहायक हाताळत असेल तर दोन मजकूर दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांतील कोणता आधी पोहोचेल हे कोणीच सांगू शकत नाही. अशा ठिकाणी ‘आधी हे, मग ते’ असा नमुना लिहिणे म्हणजे अस्तित्वात नसलेल्या हमीची मागणी करणे होय. योग्य चाचणी दोन्ही वाटांवर लक्ष ठेवते, जे आधी येईल ते टिपते आणि दोन्ही आल्यावरच निकाल देते. क्रम जेथे अर्थपूर्ण आहे तेथे तो तपासणे आणि जेथे नाही तेथे त्याचा आग्रह सोडणे, ही भेदरेषा आखता येणे हे या कामातील अर्धे कौशल्य आहे.

वेळेच्या अडचणीवर सर्वांत पहिल्यांदा सुचणारा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे चाचणीत थोडा विराम घालणे. आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला डीबगर नंतर जोडता येतो. त्याची चाचणी घेताना नमुना प्रोग्रॅम सुरू करायचा, एक-दोन सेकंद थांबायचे आणि मग डीबगर जोडायचा, अशी पद्धत वर्षानुवर्षे रूढ होती. एवढ्या वेळात प्रोग्रॅम आपल्या मुख्य चक्रात पोहोचलेला असेल असे त्यामागचे गृहीतक असते. परंतु भाराखाली दबलेल्या यंत्रावर दोन सेकंदांत प्रोग्रॅमची सुरुवातही झालेली नसू शकते, तर वेगवान यंत्रावर उरलेला जवळजवळ सगळा वेळ वाया जातो. विरामाची लांबी वाढवली की अपयशाची शक्यता घटते पण शून्य होत नाही, आणि हजारो चाचण्यांत असे विराम साठत गेले की संपूर्ण फेरी तासांनी लांबते. वेळेची वाट न पाहता घटनेची वाट पाहावी, हाच येथे खरा उपाय आहे: प्रोग्रॅमने स्वतः तयार झाल्याची खूण छापावी आणि चाचणीने ती खूण दिसेपर्यंत थांबावे, किंवा डीबगर जोडल्यानंतर ज्ञात ओळीवर ब्रेकपॉइंट लावून प्रोग्रॅमला तेथवर येऊ द्यावे. टाइमआउट ही गोष्ट मात्र वेगळी आहे. विरामाची किंमत प्रत्येक फेरीत मोजावी लागते, टाइमआउटची फक्त अपयश आले तरच. त्यामुळे घटनेची वाट पाहणाऱ्या चाचणीची मुदत उदारपणे ठेवण्यात काहीच गैर नाही.

थ्रेडच्या चाचण्यांत घटनेची वाट पाहणे अधिक नाजूक होते. पाच थ्रेड तयार करून डीबगर ते पाचही दाखवतो की नाही हे पाहायचे असेल, तर प्रोग्रॅम थांबण्याच्या क्षणी पाचही खरोखर अस्तित्वात आले आहेत याची खात्री हवी. त्यासाठी पॉझिक्स मानकातील बॅरिअर वापरतात. बॅरिअर म्हणजे ठरलेल्या संख्येइतके थ्रेड येऊन पोहोचेपर्यंत कोणालाही पुढे न सोडणारा अडसर. नवख्या चाचणीलेखकाला वाटते की बॅरिअर ओलांडला म्हणजे प्रश्न सुटला, पण बॅरिअर केवळ सर्वजण तेथवर पोहोचल्याची हमी देतो, त्यानंतर कोण कोठे असेल याची नाही. एक थ्रेड बॅरिअरमधून बाहेर पडून पुढच्या फंक्शनात शिरलेला असतो आणि दुसरा अजून बॅरिअरच्या आतल्या शेवटच्या सूचनांवर रेंगाळत असतो. त्यामुळे ‘सर्व थ्रेड अमुक फंक्शनात आहेत’ असे तपासायचे असेल तर त्या फंक्शनातच त्यांना अडवावे लागते. तसेच एका थ्रेडला एक ओळ पुढे सरकवण्याची आज्ञा दिली असता मधल्या काळात दुसराच थ्रेड ब्रेकपॉइंटवर आदळू शकतो आणि डीबगर, अगदी बरोबरच, त्याची वार्ता देतो. चाचणीचा विषय एकाच थ्रेडची वाटचाल हा असेल तर जीडीबीमधील शेड्यूलर-लॉकिंगची सोय वापरून बाकीच्यांना स्थिर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

दुरुस्ती करण्यापूर्वी दोष हुकमी दाखवता आला पाहिजे, आणि क्वचित घडणाऱ्या दोषाच्या बाबतीत हेच सर्वांत अवघड असते. जीडीबीच्या विकसकांनी यासाठी शोधलेली युक्ती मोठी कल्पक आहे. ‘चेक-रीड१’ या नावाने चाचण्यांची फेरी चालवली की एक लहानसे ग्रंथालय एक्स्पेक्टच्या आणि कर्नलच्या मध्ये जाऊन बसते आणि एक्स्पेक्टने कितीही बाइट वाचायला मागितले तरी एका वेळी एकच बाइट हाती देते. त्यामुळे उत्तराचे तुकडे जितके लहान होऊ शकतात तितके होतात, आणि लाखात एकदा १ आणि २ यांच्यामध्ये तुटणारी ओळ आता प्रत्येक वेळी तेथे तुटते. पुढे त्याच्या उलट दिशेची ‘चेक-रीडमोअर’ ही फेरी आली. तिच्यात वाचन मुद्दाम लांबवून शक्य तितका मजकूर एकदम गोळा केला जातो, म्हणजे पार्श्वभूमीवरील सूचना प्रॉम्प्टला चिकटून येण्याचा प्रसंग हमखास घडतो. योगायोगाच्या दोन्ही टोकांना जाणीवपूर्वक जाऊन पाहण्याची ही पद्धत कोणत्याही चाचणीसंचाने अनुकरण करावी इतकी मोलाची आहे. मोझिलामध्ये विकसित झालेल्या आरआर या डीबगरमध्ये २०१६ मध्ये आलेला केऑस मोडही याच जातीचा आहे: तो थ्रेडचे अग्रक्रम यादृच्छिकपणे बदलत प्रोग्रॅम चालवतो आणि दोष एकदा घडला की त्याचे ध्वनिमुद्रण असावे तसे तंतोतंत चित्रण हाती राहते, जे हवे तितक्या वेळा पुन्हा चालवून तपासता येते. साधे मार्गही आहेत. सर्व प्रक्रिया एकाच प्रोसेसर-गाभ्यावर बांधून ठेवणे, यंत्रावर मुद्दाम भार टाकणे, किंवा संशयित दोन ओळींच्या मध्ये विराम घालून फट रुंद करणे, यांपैकी काहीतरी बहुधा लागू पडते. उपाय म्हणून त्याज्य असलेला विराम निदानासाठी मात्र उत्तम साधन आहे, फक्त निदान झाल्यावर तो काढून टाकला पाहिजे.

दुरुस्ती खरोखर झाली आहे हे ठरवताना अंकगणिताचा आधार घेणे भाग असते, कारण अंतर्ज्ञान येथे फसवते. एखादी चाचणी सरासरी १०० फेऱ्यांत एकदा अपयशी होत असेल आणि दुरुस्तीनंतर १०० फेऱ्या निर्वेध पार पडल्या, तर काम झाले असे वाटते; परंतु दुरुस्ती पूर्णपणे निरुपयोगी असती तरीही १०० फेऱ्या निर्वेध जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. ३०० फेऱ्यांनंतर ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. म्हणून केवळ फेऱ्या मोजून समाधान न मानता, दोषाची घटनाक्रमाच्या भाषेत मांडणी करता येणे आवश्यक असते: कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी घडली की अपयश येते, आणि दुरुस्तीनंतर तो क्रम अशक्य का झाला. ही मांडणी ज्या दुरुस्तीसोबत नाही ती दुरुस्ती नव्हे, अंदाज आहे. संपूर्ण संचाचा हिशोबही असाच अनपेक्षित असतो. १,००० चाचण्यांपैकी प्रत्येक चाचणी हजारात एकदाच खोटे अपयश दाखवत असली, तरी संपूर्ण फेरी एकाही खोट्या अपयशाशिवाय पार पडण्याची शक्यता ३७ टक्केच उरते, म्हणजे दर तीन फेऱ्यांपैकी जवळजवळ दोन फेऱ्यांत कोणीतरी व्यर्थ शोधात गुंततो.

आतापर्यंत दोष चाचणीत होता असे मानले. पण तो डीबगरमध्येही असू शकतो, आणि या विषयातील सर्वांत गंभीर भाग येथे सुरू होतो. इंटेलच्या प्रोसेसरांवर ब्रेकपॉइंट लावताना डीबगर मूळ सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी एक विशेष बाइट लिहितो आणि प्रोसेसर तेथे पोहोचला की थांबतो. त्यापुढे जाण्यासाठी मूळ बाइट परत ठेवून ती एक सूचना चालवावी लागते आणि मग विशेष बाइट पुन्हा लिहावा लागतो. मधल्या त्या अल्प काळात ब्रेकपॉइंट अस्तित्वातच नसतो, आणि दुसरा थ्रेड त्याच क्षणी तेथून गेला तर तो न थांबता निघून जातो. हे टाळण्यासाठी एकतर बाकी सर्व थ्रेड तेवढ्यापुरते थांबवतात, किंवा मूळ सूचना स्मृतीत दुसरीकडे नक्कल करून तेथे चालवतात आणि ब्रेकपॉइंटला हातच लावत नाहीत. २००९ मधील जीडीबी ७.० पासून एक थ्रेड थांबलेला असताना इतर थ्रेड चालू ठेवण्याची सोय मिळाली, आणि त्या सोयीला ही दुसरी पद्धत अत्यावश्यक ठरते. चालू प्रोग्रॅमला डीबगर जोडतानाही असाच प्रश्न येतो. डीबगर थ्रेडची यादी वाचत असतानाच नवे थ्रेड जन्माला येत असतात, म्हणून लिनक्सवर जीडीबी ती यादी पुन्हापुन्हा वाचतो आणि सलग दोन वाचनांत एकही नवा थ्रेड आढळला नाही तेव्हाच थांबतो. या वर्तनाची कसोटी पाहण्यासाठी संचात अशी एक चाचणी आहे की जिचा नमुना प्रोग्रॅम क्षणभर जगणारे थ्रेड अखंड निर्माण करत राहतो आणि डीबगर त्याला वारंवार जोडला जातो.

अशी चाचणी कधीमधी अपयशी झाली तर तिचा नमुना सैल करणे, मुदत वाढवणे किंवा तिला पुन्हा चालवणे याचा अर्थ डीबगरमधील खऱ्या दोषावर पांघरूण घालणे असा होतो. हा धोका सैद्धांतिक नाही, कारण पुन्हा चालवून पाहण्याची पद्धत उद्योगात सर्वत्र रुळली आहे. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार त्यांच्याकडील सर्व चाचणी-फेऱ्यांपैकी सुमारे १.५ टक्के निकाल अस्थिर होते, जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक अस्थिरता होती, आणि उत्तीर्ण होणारी चाचणी अनुत्तीर्ण झाल्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्के प्रसंगांत अस्थिर चाचणी गुंतलेली होती. अस्थिर म्हणून नोंदलेली चाचणी सलग तीनदा अपयशी झाली तरच ते अपयश मानण्याची सोय तेथे होती. कोट्यवधी निकालांच्या ओझ्याखाली असा व्यवहार समजण्यासारखा आहे. पण दहा वेळा वापरल्यावर एकदा ब्रेकपॉइंट चुकवणारा डीबगर या गाळणीतून हजारात ९९९ वेळा निर्दोष म्हणून बाहेर पडेल, आणि त्याच्यावर विसंबलेला प्रोग्रॅमर आपल्याच प्रोग्रॅममध्ये नसलेली चूक शोधत राहील. डीबगरच्या बाबतीत पुन्हा चालवून मिळवलेले यश स्वीकारणे योग्य नाही.

कारणे शोधण्याची दिशा अंधारात नाही, हे समाधानाचे आहे. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये ५१ अपाची प्रकल्पांतील अस्थिर चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या अभ्यासल्या, तेव्हा ज्यांचे कारण निश्चित करता आले त्यांपैकी सुमारे ४५ टक्के ठिकाणी चाचणीने एखाद्या असमकालिक कामाची नीट वाट पाहिली नव्हती, तर सुमारे २० टक्के ठिकाणी थ्रेडमधील परस्परसंबंध बिघडलेला होता. म्हणजे निम्म्याच्या आसपास दोष घटनेऐवजी वेळेची वाट पाहण्याच्या एकाच सवयीतून आलेले आहेत. आणि जेथे दोष डीबगरचा किंवा कर्नलचा आहे हे सिद्ध होते पण लगेच दुरुस्त करता येत नाही, तेथे प्रामाणिक नोंदीची व्यवस्था डेजाग्नूमध्ये आहे. डीबगरमधील ज्ञात दोषामुळे आलेले अपयश ‘केफेल’ म्हणून, त्या दोषाच्या नोंदक्रमांकासह, लिहिले जाते आणि डीबगरबाहेरील परिस्थितीमुळे आलेले अपयश ‘एक्सफेल’ म्हणून. अशी चाचणी उत्तीर्ण झाल्याचे खोटे चित्र निर्माण होत नाही आणि रोजच्या अहवालात ती नवीन संकट म्हणूनही येत नाही. दोष मात्र नावानिशी सर्वांसमोर राहतो.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशाखेच्या विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात रेस कंडिशन, सेमाफोर आणि थ्रेड शिकवले जातात, पण ते ज्ञान बहुधा परीक्षेतील आकृत्यांपाशीच थांबते. जीडीबीचा संपूर्ण सोर्स कोड आणि त्याचा चाचणीसंच कोणालाही मुक्तपणे उपलब्ध आहे आणि तो बांधून चालवायला लिनक्स असलेला साधा लॅपटॉप पुरतो. ज्या विद्यार्थ्याला हा विषय हाताने समजून घ्यायचा आहे त्याने संचातील एखादाच लहान विभाग निवडावा, तो एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा ‘चेक-रीड१’ लावून चालवावा, दोन्ही निकाल शेजारी ठेवावेत, आणि जेथे फरक दिसेल त्या चाचणीची संहिता उघडून कोणत्या अर्धवट मजकुरावर नमुना जुळला हे शोधावे. त्यातून जी दुरुस्ती सुचेल ती चार-पाच ओळींची असली तरी घटनाक्रमाच्या स्पष्टीकरणासह प्रकल्पाकडे पाठवावी. जीडीबीमध्ये अशा दुरुस्त्या नियमितपणे स्वीकारल्या जातात.